टीव्हीवरचं फडकं काढा : सीमाभागातल्या मराठी शाळांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागातील मराठी शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक-शिक्षिका आणि शाळा सुधारणा समित्यांचे सदस्य यांस,

विषय : महिन्यातल्या दोन शनिवारी एकेक तास विमान व अवकाश संग्रहालयांसाठी देण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी तुमच्यातल्याच एका शाळेचा माजी विद्यार्थी. मराठी शाळा, मग आयटीआय, मग उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम, आणि आता विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. गावच्या शाळा सुधारणा समितीवरही आहे. त्यामुळे हा बाहेरच्या माणसाचा उपदेश समजू नका. स्मार्ट क्लासच्या टीव्हीसाठी पावतीबुक घेऊन घरोघरी मीही फिरलोय. तो टीव्ही आज बऱ्याच शाळांत फुलाफुलांच्या फडक्याखाली झाकलेला असतो. योग दिनाला, एखाद्या मोठ्या भाषणाला आणि निकालाच्या दिवशी फडकं निघतं, परत चढतं. धूळ बसू नये म्हणून, असं सांगतात. धूळ बसत नाही हे खरं.

मागणी साधी आहे. सकाळच्या शाळेच्या शनिवारी, महिन्यातून दोनदा, त्या टीव्हीवर जगातलं एखादं विमानाचं किंवा अवकाशयानांचं संग्रहालय उघडा, आणि पूर्ण तास एकाच वस्तूसमोर थांबा. एक तास, एक वस्तू. दहा मिनिटांत चाळीस विमानं दाखवणारे ढणढण संगीताचे व्हिडिओ पोरं घरी मोबाइलवर बघतातच, त्यासाठी शाळा नको.

हेच का, असं विचाराल. कारण आपला भाग. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, रॉयल एअर फोर्सने बांधली. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी हवाई दलाने पुणे आणि सांबरा हेच तळ वापरले. आज तिथे हवाई दलाचे जवान घडतात. इकडे हत्तरगीला महामार्गालगत एअरबस-बोइंगच्या विमानांत बसणारे भाग तयार होतात आणि ते करणाऱ्यांत येळ्ळूर, माच्छे, संकेश्वर, निपाणीकडची आपली मुलं आहेत. त्यातल्या कित्येकांनी विमान आतून पाहिलेलं नाही. आमच्याकडे नव्याने लागलेला पोरगा हातातला भाग पंखात बसतो की चाकाच्या खोबणीत, हे न कळता महिनोन्‌महिने त्याच्या कडेची बर (कापताना उरलेली खरबरीत धार) घासत असतो. ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असतो. तो भाग कशासाठी आहे हे ड्रॉइंग सांगत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयातून. हे स्मिथसोनियन संस्थेचं. १९७६ साली उघडलेली मुख्य इमारत शहरात आहे आणि २००३मध्ये उघडलेलं मोठं हँगर तिथून जवळच्या विमानतळापाशी. २०२० साली स्मिथसोनियनने आपली लाखो छायाचित्रं आणि बरीच त्रिमितीय मॉडेल्स सर्वांसाठी खुली केली. डाउनलोड करा, छापा, भिंतीवर लावा, कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. राइट बंधूंचं १९०३चं विमान या त्रिमितीय संग्रहात आहे. बोटाने फिरवता येतं, खालून बघता येतं, आणि पडद्यावर माप घ्यायचं साधनही आहे.

या एका विमानावर तुमचे चार शनिवार सहज जातील. १७ डिसेंबर १९०३चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं, हे पुस्तकात असतंच. पुस्तकात नसतं ते असं, की विमानाचा उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंचांनी लांब आहे. का? उडवणारा माणूस मधल्या रेषेच्या डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड. मग तोल राखायला उजवीकडचा पंख जरासा वाढवला. आधी हे सांगू नका. दोन्ही बाजू मुलांना मोजायला लावा आणि फरक का असेल ते विचारा. माझा अनुभव असा, की पहिलं उत्तर ‘चूक झाली असणार’ हेच येतं, आणि मग मागच्या बाकावरचं, एरवी तोंड न उघडणारं एखादं पोरगं इंजिनाकडे बोट दाखवतं.

पुढच्या शनिवारी इंजिन घ्या. ते राइटांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने साधारण सहा आठवड्यांत बनवलं. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, अ‍ॅल्युमिनियमचा, गावातल्याच फाउंड्रीत ओतून घेतलेला. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यासाठी, त्याने पोलादाची जाड पट्टी घेतली, आकाराच्या कडेने ओळीने भोकं पाडली, नको तेवढा भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि उरलेलं लेथवर लावलं. हाताशी होतं लेथ आणि ड्रिल मशीन, एवढंच. हे उद्यमबागेतल्या माणसाला सांगून बघा, त्याचे डोळे चमकतील, कारण अशी जुगाडं त्याने स्वतः केलेली असतात. पंखांसाठी मलमलीसारखं सुती कापड, सांगाडा स्प्रूस लाकडाचा, पंखे फिरवायला सायकलसारख्या चेन. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून एका बाजूची चेन इंग्रजी आठासारखी पीळ देऊन नेलेली. मॉडेलमध्ये ती चेन शोधायला लावा. सापडेपर्यंत वर्ग शांत असतो.

आणि हे सगळं अंदाजपंचे झालं नाही. १९०१मध्ये दोघा भावांनी सहा फुटी लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पंखांचे लहान लहान नमुने ठेवून वारा किती उचलतो ते मोजलं. जवळपास दोनशे आकार. मोजायचा काटा केला तो हॅकसॉच्या जुन्या ब्लेडांचा आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा. दुसऱ्यांनी छापलेले तक्ते जुळेनात, म्हणून स्वतः मोजलं. आठवीच्या मुलांना ही पेटी खोक्याची आणि टेबलफॅनची करता येते. नीट चालेलच असं नाही, पण वाऱ्याचा जोर मोजायचा म्हणजे काय ते कळतं.

आता थोडं वादाचं. आपल्याकडे दर वर्षी एकदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. मराठी माणसाचं नाव आहे, छाती फुगते. शिक्षकांच्या गटातही तो मेसेज हौसेने पुढे जातो. तळपद्यांना खोटं ठरवायचा माझा उद्देश नाही. पण ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा हवाला या चर्चेत दिला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मेसेज आला की मुलांनी विचारायला शिकलं पाहिजे : ते यंत्र कुठे आहे? त्याची मापं कुठे आहेत? मोजणारा कोण होता?

मोठी संग्रहालयं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? स्मिथसोनियनचेच प्रमुख सॅम्युअल लँगली यांचं विमान १९०३च्या ऑक्टोबरात आणि परत डिसेंबरात, उडवता उडवता नदीत पडलं. तरी पुढे संस्थेने त्याच विमानाला माणसासह उडू शकणारं पहिलं यंत्र म्हणून मिरवलं. ऑर्व्हिल राइट इतका भडकला की त्याने आपलं विमान १९२८ साली थेट लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे पाठवून दिलं. १९४२मध्ये स्मिथसोनियनने दावा मागे घेतला, आणि विमान मायदेशी परतून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लागलं ते १९४८च्या डिसेंबरात, ऑर्व्हिल गेल्यावर. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. वस्तूखालची पाटी माणसानेच लिहिलेली असते आणि ती चुकू शकते, हे त्यातून कळतं. याच संग्रहालयाच्या विमानतळाकडच्या हँगरमध्ये, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ चकचकीत पुसून ठेवलंय. ते दाखवलं तर त्या सकाळी खाली जमिनीवर काय झालं तेही त्याच तासाला सांगावं लागेल. जमणार नसेल तर दाखवू नका.

अवकाशाकडे वळू. अपोलो ११चं ‘कोलंबिया’ हे यान स्मिथसोनियनने २०१६मध्ये आतून-बाहेरून स्कॅन केलं. प्रत्यक्ष वॉशिंग्टनला गेलात तरी यानात शिरता येत नाही, बाहेरूनच डोकवायचं. पडद्यावर मात्र आत जाऊन भिंती न्याहाळता येतात. त्या भिंतींवर अंतराळवीरांनी हाताने लिहिलेलं सापडलं. घाईघाईत टिपलेले आकडे. एका कप्प्यावर, आत वास मारणारा कचरा आहे अशी सूचना. आणि एका कोपऱ्यात हाताने आखलेलं चिमुकलं कॅलेंडर, त्यावर एकेका दिवसावर फुली. दुधाच्या खाड्यासाठी आपण कालनिर्णयवर मारतो तशी. फक्त परतीच्या दिवसावर फुली नाही. आमच्या शाळेत हे दाखवलं तेव्हा सहावीतली एक मुलगी पटकन म्हणाली, “घरी पोचल्यावर कोण कशाला फुली मारतंय?” तिच्या बाईंनी ते वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही.

मुलांचा हमखास प्रश्न असतो, संडास कुठे? लाजू नका, उत्तर शोधा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या आतला भाग गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर २०१७पासून आहे. फ्रेंच अंतराळवीर थोमा पेस्के याने तिथे राहून ती छायाचित्रं काढली. वर-खाली असं काही नाही, चारी बाजूंना उपकरणं आणि वायरी, आणि टोकाला सात काचांची खिडकी. शुभांशू शुक्ला २०२५मध्ये तिथेच राहून आले, हे मुलांना ठाऊक असतं. त्यांना ती जागा फिरून दाखवा.

बाकीचं पटापट. ओहायोतल्या डेटनला अमेरिकी हवाई दलाचं प्रचंड संग्रहालय आहे, त्याची फिरती सफर इंटरनेटवर फुकट. बाणावर बोट ठेवत हँगरामागून हँगर चालत जायचं. पोरं यात हरवतात, म्हणून आधीच ठरवा कुठलं विमान गाठायचं. इस्रोने २०२२ साली ‘स्पार्क’ नावाचं आभासी संग्रहालय सुरू केलं. आपली रॉकेटं आणि उपग्रह तिथे एका ठिकाणी भेटतात, चांद्रयानाच्या धड्याआधी उपयोगी पडेल. मला स्वतःला ते जरा जाहिरातीसारखं वाटतं. भिंतीवरच्या खरडीसारखं त्यात काही हाती लागत नाही. त्यापेक्षा १९८१चा बैलगाडीवरचा ‘अ‍ॅपल’ उपग्रह दाखवा. ते छायाचित्र गरिबीचं म्हणून सगळीकडे फिरतं. खरं कारण तांत्रिक होतं : अँटेनाची चाचणी घेताना खाली धातूची गाडी चालणार नव्हती, लाकडाची हवी होती.

आणि बंगळूर. एचएएलचं (विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) विमान संग्रहालय तिथे २००१पासून आहे. ही कंपनी १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने उभी केली. तिथे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान तयार झालं आणि १९५१मध्ये उडालं. घाटगे जर्मनीत गटिंगनला प्रांटल या हवागतीशास्त्राच्या दिग्गजाच्या हाताखाली शिकून आलेले. मराठी नाव हवं असेल तर हे घ्या. याचं विमान मोजता येतं.

अडचणी मला माहीत आहेत. कणकुंबी-जांबोटीकडे नेट म्हणजे पावसाळ्यातला सूर्य. म्हणून चित्रं आदल्या रात्री शहरात किंवा कुणाच्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर आणा; टीव्हीला पेनड्राइव्ह चालतो. त्रिमितीय मॉडेल जड असतं, जुन्या संगणकावर अडखळतं, तिथे कमी दर्जाचा पर्याय निवडा. मोबाइलवरून टीव्हीवर चित्र फेकायच्या भानगडीत तासातली वीस मिनिटं जातात. लॅपटॉप आणि केबल बरी.

दुसरी अडचण इंग्रजीची. पाट्या सगळ्या इंग्रजीत आणि शिक्षकांना भीती, की मुलांनी मध्येच काही विचारलं तर? मोबाइलकडून भाषांतर करून ते तसंच वाचून दाखवू नका, कुणालाच काही कळत नाही. पालकसभेत विचारा, फाउंड्रीत कोण आहे, लेथवर कोण, सांबऱ्याला हवाई दलाच्या तळावर कामाला कोण. हात वर येतात. त्यातल्या एकाला शनिवारी बोलवा. आमच्याकडे एका मुलाचे वडील मोल्डर आहेत. ते क्रँककेसच्या चित्रासमोर उभे राहून वाळूचा साचा, पॅटर्न, ओतकाम असं अर्धा तास बोलले. आधी मात्र “मला काय भाषण येतंय” म्हणून दारातच थांबले होते. तासाच्या शेवटी मुलांनी त्या वस्तूसाठी तीन-चार ओळींची मराठी पाटी लिहायची, आणि छापलेल्या चित्राखाली ती व्हरांड्यात लावायची. एका वर्षात व्हरांडा भरतो.

यात सीमाप्रश्न आणू नका, ही हात जोडून विनंती. शेजारच्या कन्नड शाळेला यायचं असेल तर येऊ द्या, त्यांनी त्यांची पाटी कन्नडमध्ये लिहावी आणि शेजारी लावावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून वेगळा आदेश येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. पाठ्यपुस्तकातल्या बल, गती, धातू आणि हवेच्या दाबाच्या धड्यांत हे सगळं बसतं.

एक मागणी सहलीबद्दल. आपल्या सहली चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, आणि समुद्रकिनारा, चर्च, मंगेशी, परत असं होतं. दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय १९९८पासून आहे. उघड्यावर सी हॅरियर, सी हॉक, अलिझे उभी आहेत, आणि एके काळी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेलं चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. ज्या मुलांनी वर्षभर पडद्यावर रिव्हेट मोजलेत, त्यांना तिथे सोडा आणि दोन तास बोलावू नका. किनाऱ्यावर अर्धा तास कमी झाला तरी चालेल. सहलीच्या परवानगीचे कागद आत्ताच हलवायला हवेत, दिवाळीनंतर धावपळ होते.

आमच्या शाळेत येत्या शनिवारी ‘ब्लॅकबर्ड’ आहे. अमेरिकेचं ते काळं टेहळणी विमान, जे ६ मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला १ तास ४ मिनिटांत पोचलं आणि थेट संग्रहालयाच्या ताब्यात गेलं. त्याचं अंग बहुतांशी टायटॅनियमचं. ते बनवताना कॅडमियम धातूचा मुलामा असलेले पाने (स्पॅनर) वापरल्यामुळे तापल्यावर बोल्टांची डोकी तुटून पडत होती आणि कारण सापडेपर्यंत सगळे चक्रावले होते. टायटॅनियमवर काम करणारा आमचा एक सेटर (मशीन जुळवून देणारा कारागीर) त्याचे चिप्स, म्हणजे कापताना निघालेला कीस, आणि झिजलेले इन्सर्ट (कापणारी पाती) डबीतून घेऊन येणार आहे. ज्या शिक्षकांना हा तास कसा चालतो ते बघायचं असेल त्यांनी साडेसातपर्यंत यावं, प्रार्थनेनंतर लगेच सुरू करतो. कुणाकडे जादा एचडीएमआय केबल असेल तर सोबत आणा, आमची सैल झालीय, धरून बसावं लागतं.

कळावे,
आपला,
शाळा सुधारणा समितीचा एक सदस्य, बेळगाव तालुका